शाळेत बंदूकधारी माणूस असला तर गोळीबार टळतात का?

तुमची भाचरं टेक्सासमध्ये शिकतात, आणि तिथे प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस ठेवायचा कायदा झालाय, त्याने खरंच काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी तिथल्याच शाळेत सहावीत आहे, त्यामुळे या प्रश्नावर मी बरंच वाचलंय.

सुरू झालेला हल्ला असा माणूस कधीकधी लवकर थांबवतो. मे २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या डिक्सनच्या शाळेत हे झालं. तिथल्या पोलिसाने हल्लेखोराला गाठून जखमी केलं आणि एकही मूल दगावलं नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतला सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला, आत १७ जण मारले गेले. २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत हल्लेखोर शिरला तेव्हा पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले, तरी वर्गात शिरायला ७७ मिनिटं गेली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. टेक्सासचा २०२३ चा कायदा त्यानंतरच आला. पोलिसांकडे बंदुका होत्याच, तरी हे झालं. मग ओहायोसारख्या राज्यात शिक्षकांना जास्तीत जास्त २४ तासांच्या प्रशिक्षणावर बंदूक बाळगू देतात, ते मला पटत नाही.

आता टळण्याबद्दल. चोर पहारेकरी पाहून मागे फिरतो, कारण त्याला जिवंत सुटायचं असतं. शाळेत गोळीबार करणारे बरेचजण मरायच्याच तयारीने येतात. १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटनांचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. सशस्त्र गार्ड असलेल्या शाळांमध्ये बळी कमी नव्हते, उलट जास्तच होते. गार्डमुळेच ते वाढले असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण गार्डचा धाक बसतो हेही त्यात दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त छळते ती मिशिगनमधल्या ऑक्सफर्डची घटना, नोव्हेंबर २०२१ ची. पंधरा वर्षांच्या मुलासाठी बापाने चारच दिवस आधी पिस्तूल घेतलं होतं. हल्ल्याच्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र शिक्षिकेला दिसलं, आईवडिलांना बोलावलं गेलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, शाळेने दप्तर तपासलं नाही, आणि पोरगा वर्गात परत गेला. पिस्तूल दप्तरातच होतं. चार विद्यार्थी गेले. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. त्या सकाळी बंदुकीची गरजच नव्हती, कुणीतरी दप्तराची चेन उघडायला हवी होती.

म्हणून बहिणीला सांगा, गार्ड आहे का एवढंच विचारून थांबू नकोस. एखाद्या मुलाने धमकी दिली किंवा असं काही लिहिलं तर शाळेत ते कोण बघतं, पुढे काय करतात, मुलांनी नाव न सांगता कुठे कळवायचं, हे विचारायला हवं. आणि भाचरं कुणाकडे खेळायला जाणार असतील तर त्या आईला आधी फोन करून विचारायचं की घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते का. पहिल्यांदा फार अवघड जातं, पण मी दर वेळी विचारते आणि अजून कुणी रागावलेलं नाही.