युनिफॉर्मवरच एसटीने घरी येते, चालतं का?

प्रश्न: माझी सून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. ड्युटी संपली की युनिफॉर्मवरच एसटीत बसते, बाजाराच्या दिवशी तशीच भाजी घेऊन येते. शेजारच्या बाया म्हणतात, दवाखान्याचे जंतू गावभर फिरवते. घरात 8 महिन्यांचा नातू आहे. सुनेला बोलली तर चिडली, म्हणे तिकडे कपडे बदलायला खोलीच नाही. काय करावं?
– एक सासूबाई, यवतमाळ जिल्हा

उत्तर: सासूबाई, शेजारणींचं अर्धं खरं आहे. पेशंटला उचलताना, बेडवर वाकताना पोटाजवळचं कापड लागतं, खिशात सारखा हात जातो, बाह्या सगळीकडे टेकतात, तिथे जंतू बसणारच, आणि जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस तर कापडावर कितीतरी दिवस जिवंत राहू शकतो. पण कपड्यावर जंतू सापडणं वेगळं आन् त्यामुळे एसटीत बाजूला बसलेला माणूस आजारी पडणं वेगळं, असं होतं याचा पक्का पुरावा नाही. टीबी तर खोकल्यातून हवेने पसरतो, कपड्याने नाही, तरी गावात भीती त्याचीच जास्त.

इंग्लंडमध्ये 2008 पासून पेशंटजवळ जाताना कोपराच्या खाली काहीच नको असा नियम आहे, लांब बाही नाही, घड्याळ नाही. कारण बाही असली की हात मनगटापर्यंत नीट धुतलाच जात नाही, खरा खेळ हाताचा आहे. बाहेर जाताना युनिफॉर्म झाका म्हणतात तेही मुख्य म्हणजे लोकांच्या मनाला बरं वाटावं म्हणून.

मला एक सांगा, वॉर्डात पेशंटजवळ चार रात्री खाली चादर टाकून झोपलेला माणूस तीच चादर, तोच डबा घेऊन त्याच एसटीने येतो, त्याला कोणी काही म्हणते का बाप्पा? त्याच्या अंगावर युनिफॉर्म नसतो म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

नातवाच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. सून आली की चप्पल अंगणात, साबणाने कोपरापर्यंत हात, मग कपडे बदलायचे, मगच पोरगं घ्यायचं. ते रडेल, तेवढी दहा मिनिटं तुम्ही सांभाळा, चिडण्यापेक्षा ते कामाचं आहे. मोबाईल पुसायला विसरू नका, तो वॉर्डातही हातात आन् घरी पोराच्या तोंडात! युनिफॉर्म घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवा, पावडर टाकून 60 अंशाच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवला तर जवळपास सगळे जंतू जातात, म्हणजे हात घालवणार नाही इतकं गरम पाणी. मग आपलं ऊन आहेच, वरून इस्त्री.

रक्त, उलटी लागली असेल तर तो कपडा घालून निघायचंच नाही, एक जोड दवाखान्यात ठेवावा. खोलीसाठी सगळ्या सिस्टरांनी मिळून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावं, स्टोअरच्या कोपऱ्यात पडदा लावला तरी भागतं, इथे सुनेचं चिडणं बरोबरच आहे. तोपर्यंत कापूस वेचायला जाताना बाया साडीवरून जुना शर्ट घालतात ना, तसा एक सुती शर्ट युनिफॉर्मवर चढवू द्या, तोही रोज धुवायचा.

आणि भाजी आणू द्या तिला. ती तशीही धुऊनच घ्यायची असते.