भिंतीला ओल? आधी बाहेरची माती बघा

चिऱ्याचं घर. पाठची भिंत गुडघ्यापर्यंत ओलावते, गिलाव्याचे पोपडे पडतात. दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला, फरक नाही. (देवगड)

रंगाचा डबा तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या फोटोत जास्वंदीचा वाफा थेट भिंतीला टेकलाय आणि जोत्याचा जेमतेम एक चिरा वर दिसतोय. दरवर्षी शेणखत, पालापाचोळा, नवी माती पडते आणि जमीन गुपचूप चढत जाते. चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, टेकलेल्या मातीतलं पाणी ओढून घेतो. जोत्यावर ओलरोधक थर घातलेला असला, तरी माती त्याच्या वर गेल्यावर थर निकामीच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिमी, म्हणजे दीड फूट उंच हवं. जुन्या घराला तेवढं जमत नसेल, तर निदान वीतभर जोतं उघडं राहील इतकी माती उतरवा. मात्र पाया उघडा पडेल इतकं खणू नका. वाफा दोन हात लांब न्या.

गिलाव्याची घाई नको. दिवाळीनंतर पोपडे खरवडून चिरा उन्हाळाभर सुकू द्या. मग सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करा. सिमेंटमागे ओल कोंडून राहते आणि भिंतीत आणखी वर चढते.

घरामागे दरड आहे. श्रावणात पाणी मागच्या पडवीत शिरतं. (गुहागर)

हे पाणी घरापाशी पोचण्याआधीच वळवायला हवं. भिंतीला लागून चर खणलात तर पाणी पायाशी आणून सोडाल. चर वरच्या बाजूला, घरापासून शक्य तितका दूर आडवा घ्या आणि दोन्ही कुशींनी उतार देत व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) न्या. शेजाऱ्याच्या अंगणात नको. मृगाआधी त्यातला पाचोळा काढायलाच हवा. दरडीला सिमेंटची भिंत बांधली असेल तर तिला पाणी निघायला भोकं आहेत का, तेही पाहा. कोरड्या गडग्यातून, म्हणजे नुसते दगड रचलेल्या बांधातून, पाणी आपसूक झिरपतं. सिमेंटच्या भिंतीमागे ते साठून तिला ढकलतं. भिंत फुगलेली किंवा तडकलेली दिसली, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पावसाळा काढू नका.

पागोळ्यांनी भिंतीवर लाल चिखल उडतो. पन्हळ लावावी का? (मालवण)

जरूर लावा. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी होतं आणि ते सगळं पागोळ्यांच्या रेषेत पडतं. पन्हळीचा पाइप मात्र कोपऱ्यात न सोडता चरापर्यंत न्या. तोवर पागोळ्यांखाली हातभर रुंद खडी पसरा, चिखल उडणं थांबेल. पावसाच्या तोंडच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायची जुनी रीत आजही उत्तम.

घराभोवती पेव्हर घालू का? (श्रीवर्धन)

घाला, पण उतार बाहेरच्या बाजूला: तीन फुटांना इंचभर. गवंडी जाण्याआधी भिंतीपाशी बादलीभर पाणी ओता. ते तिथेच थांबलं तर काम पुन्हा करून घ्या. पेव्हर आणि भिंत यांमधली फट नीट भरून घ्या, नाहीतर पाणी तिथूनच पायात उतरेल.