चुंबळ आणि उतरंड

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, हंडा उचलायच्या आधी आजी डोक्यावर जुन्या लुगड्याचं वेटोळं का ठेवते? टोचू नये म्हणून?"

त्याला चुंबळ म्हणतात. टोचू नये हे आहेच, पण तेवढंच नाही. हंड्याचा तळ गोल, डोकंही गोल. एकावर दुसरं ठरेल कसं? चुंबळ मऊ, ती दोघांच्या आकाराला जुळवून घेते. भार एका जागी न येता कड्यावर पसरतो आणि हंडा डुलत नाही. तुझ्याएवढी असताना मी सैल चुंबळीवर कळशी घेतली होती. विहिरीपासून घरापर्यंत निम्मं पाणी माझ्या फ्रॉकवर!

आता अमेरिकेतल्या आपल्या हॅम्प्टनची गंमत. अवकाशातून परतणाऱ्या यानाचा वेग मोडायला आणि त्याला उष्णतेपासून वाचवायला ढाल लागते. त्यासाठी इथल्या नासाच्या लँग्ली केंद्राने फुगवायच्या कड्यांची रास केली. लहान कडं, मग मोठं, मग त्याहून मोठं, पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली. आजीच्या कोपऱ्यातली मडक्यांची उतरंडच! जाताना ती घडी होऊन रॉकेटच्या टोकात मावते. वर वायू भरला की 6 मीटर रुंद होते. टणक ढाल रॉकेटच्या टोकापेक्षा रुंद नेता येत नाही ना, म्हणून हा खटाटोप. ढाल जितकी रुंद, तितका वेग वरच्या विरळ हवेतच मोडतो. बाहेरून सिलिकॉन कार्बाइडचं कापड, आत उष्णता अडवणारे थर. 10 नोव्हेंबर 2022 ला ही 'लॉफ्टिड' नावाची ढाल ताशी सुमारे 29,000 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरली आणि हवाईजवळच्या समुद्रात सुखरूप उतरली.

त्याआधी, 3 सप्टेंबरला, इस्रोनेही केरळातल्या थुंब्याहून रोहिणी रॉकेटवर असाच प्रयोग केला होता. केवलार नावाच्या मजबूत धाग्याच्या कापडाची घडी 84 किलोमीटर उंचीवर नायट्रोजनने फुगवली. मंगळावरची हवा फार विरळ. तिथे जड सामान उतरवायला अशा रुंद ढालींचा उपयोग होईल.

मामाला मात्र "नासाने चुंबळ चोरली" असं सांगू नकोस, तो संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवून मोकळा होईल. चुंबळ भार पेलते, ही ढाल हवा अडवते. मला आपलं कापडाचं कौतुक.

आजीकडून पीळ घालायला शिकून ये. शेवटचं टोक कुठे खोचायचं, ते मला अजून जमत नाही.

तुझी,
आई