बाहुली नंतर, आधी केसांचं रबर

अगं, शिवणकाम नव्याने शिकतेयस आणि छोट्या मुलींसाठी काही करायचं म्हणतेस, तर पहिल्याच झटक्यात बाहुली शिवायला घेऊ नकोस. नाक-डोळे, केस, झबलं करताना नवखा माणूस हमखास कंटाळतो. आधी केसांचं कापडी रबर कर. इरकली साडीचा किंवा खणाचा ४५ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद तुकडा पुरतो. तो आधी धुऊन वाळव, गडद इरकल रंग सोडू शकते. उलट्या बाजूने लांबीची शिवण घाल, सुलट कर आणि सेफ्टी पिनने इलॅस्टिक ओव. चिमुरड्यांचे केस पातळ, म्हणून इलॅस्टिक १५ सेंमीच घे. मोठ्यांच्या मापाचं रबर सारखं घसरतं. इलॅस्टिकची टोकं नुसती गाठ मारून सोडू नकोस, एकावर एक ठेवून दोन-तीनदा शिव.

घरासाठी काही करायचं तर सोलापुरात टॉवेल-चादरींना काय तोटा! जुन्या टॉवेलचे दोन थर आणि कडेला तिरकी पट्टी (कापड तिरकं कापून केलेली), झाली गरम भांडी धरायची फडकी. मशीनला १६ नंबरची सुई मात्र लाव, बारीक सुई तिथे मोडते. जुन्या चादरीच्या चांगल्या भागाची भातुकलीची पिशवी तर फारच देखणी होते, मला स्वतःला तीच सगळ्यात आवडते.

हात बसला की बाहुली. तीन वर्षांखालच्या मुलीसाठी असेल तर बटणं, मणी, टिकल्या अजिबात नकोत, पोरी तोंडात घालतात. डोळे दोऱ्याने भर. आत जुन्या बनियनच्या चिंध्या घाल. कापूस धुतल्यावर गोळा होतो.