जर्मनीत मन रमेल का? सावंतवाडीच्या एका नर्सला उत्तर

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: सावंतवाडीत खाजगी रुग्णालयात नर्स आहेस, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा तोंडावर आहे, वडिलांचं घराचं कर्ज फेडण्यापुरते पैसे साठले की परत यायचं ठरवलंयस. आणि शेवटी, "एवढा ध्येय पुरतला मा? थंय मन रमतला काय?" मी वेंगुर्ल्याची, इथे जर्मनीत नर्सिंगमध्येच आहे. कागदपत्रांचं एजन्सी बघेल, मी मनापुरतं लिहिते.

पैशासाठी जाणं यात कमीपणा काही नाही, आपलं कोकण मनिऑर्डरवरच जगलं. पण पैसा दर महिन्याला येतो आणि ड्यूटी रोज असते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणूस कामात टिकतो तो तीन गोष्टींवर: निर्णय आपला वाटणं, काम जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं असणं. परदेशात पहिल्या वर्षी तिन्हींना एकदम धक्का बसतो.

त्यात 'जमतंय'ला सगळ्यात मोठा. पदवीला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत तू बहुधा सहाय्यक म्हणून काम करशील. तिकडे सलाइन लावणारी तू इथे रुग्णांना अंघोळ घालशील, भरवशील. (मान्यता मिळाल्यावरही हे सुटत नाही. इथे ते नर्सचंच काम धरतात आणि मला आता तेच बरोबर वाटतं.) वॉर्डातला फोन वाजला की पोटात गोळा येतो, कारण पलीकडचा माणूस पुस्तकातलं जर्मन बोलत नाही.

यावर नुसतं 'सगळं छान होईल' म्हणत बसू नकोस. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी जर्मनीतल्याच पदवीधरांचा अभ्यास केला होता, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांना पुढे नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. स्वप्नाशेजारी अडचण मांडायची, आणि पीटर गोल्विट्झर सांगतात तसं 'अमुक झालं तर मी तमुक करणार' हे आधीच ठरवायचं. उदाहरणार्थ, फोनवर कळलं नाही तर "हळू बोला, मी लिहून घेते" हे एकच वाक्य. आतापासून घोकून ठेव.

आता माणसांचं. बाउमाइस्टर आणि लीरी यांनी 1995 साली मांडलं की माणसाला गर्दी लागत नाही. थोडीच माणसं लागतात, पण ती वरचेवर भेटणारी आणि टिकाऊ जिव्हाळ्याची. आपल्या चाकरमान्यांना हे आयतं मिळालं. गिरणगावात गावकरी मंडळाच्या खोल्या होत्या, एका गावचे बाप्ये एका खोलीत राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. अडचण होती, भांडणं होती, पण आजारी पडलं तर पेज द्यायला कोणीतरी असायचं. तुला तशी खोली मिळणार नाही. घरच्या व्हिडिओ कॉलमध्ये जिव्हाळा असतो, भेट नसते. वॉर्डात भेट होते, जिव्हाळा नसतो. दोन्ही एकाच जागी जुळवायला वेळ लागतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जरूर जा, पण वर्षातून एकदाच्या आरतीवर भागत नाही. इथे गावोगावी 'फेराइन' म्हणजे छंदांची मंडळं असतात: गाण्याची, खेळाची, बागकामाची. एक धर, ठरलेल्या वारी जा, कंटाळा आला तरी जा.

नोव्हेंबरात दुपारीच अंधार पडायला लागला की 'मी इथली नाहीच' असं वाटेल. वॉल्टन आणि कोहेन यांनी 2011 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या विद्यार्थ्यांना तासाभरात एवढंच पटवलं की 'आपण इथे परके आहोत' असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आणि ते ओसरतं. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. तेव्हा डब्याच्या वेळी कोणी हाक मारली नाही, तर त्याचा लगेच अर्थ लावू नकोस.

वॉर्डातल्या एकट्या म्हाताऱ्या बघून तुला तुझी आजी आठवेल. डॅनियल बॅट्सन यांच्या प्रयोगात, 'त्याच्या जागी मी असते तर' असा विचार करणाऱ्यांना सहानुभूतीबरोबर स्वतःलाही अस्वस्थ वाटलं. 'त्याला काय वाटत असेल' असा विचार करणाऱ्यांची सहानुभूती तशी ढवळून निघाली नाही. ड्यूटीवर दुसरा विचार कर. मुलांनी टाकली असं आपण ठरवतो, आणि बाईला हवी असते फक्त खिडकी उघडी.

राहिला निर्णय. कर्ज वडिलांचं आहे, जायचं कोणी ठरवलं ते तू लिहिलं नाहीस. आणि सही करण्याआधी करारात बघ: मुदतीआधी नोकरी सोडली तर एजन्सीला किती पैसे भरावे लागतील? आकडा मोठा असेल तर 'हवं तेव्हा परत येईन' या बेताला अर्थ नाही. ते कलम मराठीत उतरवून इथे टाक, मी बघते.