रात्री नऊचा फोन

पत्र: मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गणितात ९१ टक्के. एमटीटीएस नावाच्या चार आठवड्यांच्या निवासी गणित शिबिरात तिची निवड झाली, म्हणून मे महिन्यात पाठवली. आज दहावा दिवस. रोज रात्री नऊला फोन करतो. आज किती आलं, पहिल्या पाचात आहेस का, विचारतो. ती रडायला लागते. म्हणते, सर काही शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. परीक्षा नाही, नंबर नाही. राहणं-जेवण फुकट, तेव्हाच मला शंका आली होती. १ जूनपासून पुण्यात एमपीएससीचा क्लास सुरू होतोय. तिला घेऊन येऊ का? तिने आईला पाठवलेला मेसेज सोबत जोडतोय.

नमस्कार.

मुलीच्या गणिताची मला काळजी वाटली नाही. तुमच्या फोनची वाटली.

तिच्या मेसेजवरून तिचा दिवस असा दिसतो. सकाळी साडेनऊला वर्ग, मध्ये चहा, परत वर्ग. दुपारी सांबार-भात. भाकरी मिळत नाही, हे दोनदा लिहिलंय. जेवण झालं की उदाहरणं घेऊन बसायचं, संध्याकाळी बादलीभर कपडे धुवायचे. रात्री मेसमधून आल्यावर ही, एक केरळची आणि एक मणिपूरची अशा तिघी व्हरांड्यात फरशीवर बसून, सकाळी अडलेल्या प्रश्नावरून मोडक्या हिंदीत भांडतात. फरशीवरच खडूने लिहितात. ‘काल साडेबाराला वॉचमनकाकांनी दिवा घालवला तेव्हा उठलो.’ ही ओळ तुम्ही वाचलीत ना? अख्ख्या मेसेजमध्ये रडणं कुठेच नाही. ते फक्त फोनवर आहे, आणि फोन तुमचा आहे.

त्या व्हरांड्यातून उठून ती तुमच्याशी बोलायला येते आणि तुम्ही सौदा लावल्यासारखं ‘किती?’ विचारता. तिच्याकडे सांगायला आकडा नसतो. आजवर दर वेळी होता. दहावी, बारावी, दोन वर्षं कॉलेज, प्रत्येक वेळी तुम्ही विचारलंत आणि तिने आकडा पुढे केला. आता हात रिकामा आहे, म्हणून रडते.

आता ‘सर शिकवत नाहीत’ याबद्दल. तिने लिहिलेला प्रसंगच घ्या. सरांनी विचारलं, क्रमिका अभिसारी आहे (ओळीने मांडलेले आकडे एका ठरावीक संख्येच्या हवे तितके जवळ जाऊन तिथेच राहतात) म्हणजे नेमकं काय? तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. सर म्हणाले, छान, आता क्रमिका अभिसारी ‘नाही’ म्हणजे काय, ते सांग. वर्गात चिडीचूप. दीड तास तेवढ्यावरच गेला. तुम्हाला वाटतं, दीड तास वाया गेला. मला वाटतं, तिच्या दोन वर्षांतला तो सगळ्यात कामाचा तास असेल. तुमच्याच धंद्यातलं सांगतो. ‘या गाळ्यावरची सगळी हळद कोरडी आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं ठरवायला सगळी हळद ओली निघावी लागत नाही. एक ओलं पोतं दाखवलं की झालं. पण पोरं पटकन म्हणतात, ‘मग सगळी ओली.’ नेमकी हीच चूक त्या वर्गात होत होती. व्याख्या पाठ असणं वेगळं आणि ती उलटी करून बघता येणं वेगळं. आपल्याकडच्या परीक्षेत पहिल्यावर ९१ मिळतात, दुसरं कुणी विचारतच नाही. (मीही गणित घेऊनच बी.एस्सी. झालो. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही गप्पच बसलो असतो.) हे शिबिर १९९३ साली प्रा. कुमारेसन यांनी सुरू केलं ते नेमकं यासाठी. उत्तर सांगायचं नाही, पोरांकडून काढून घ्यायचं.

आणि फुकट म्हणजे हलकं, हे डोक्यातून काढा. हा उपक्रम अणुऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या पाठबळावर उभा राहिला. ५० हजारांची पावती दिली असती तर तुम्हाला शंका आली नसती, हे मात्र खरं!

पुढचे रस्ते आहेतच: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., नाहीतर चेन्नईची गणित संस्था सीएमआय किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था टीआयएफआर यांच्या प्रवेश परीक्षा. एमपीएससी पदवीनंतर आहेच. तिला स्वतःला ती द्यायची आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथेही पाठांतराला पूर्वीचा भाव राहिलेला नाही.

घेऊन येऊ नका. ती जेवत नसेल, झोपत नसेल, मैत्रिणींना टाळून खोलीत बसत असेल, तर गोष्ट वेगळी. मग मला विचारत बसू नका, मिळेल त्या गाडीने निघा. पण भाकरीची तक्रार करणारी आणि साडेबारापर्यंत भांडणारी मुलगी त्यातली नाही.

नऊचा फोन आजपासून बंद. रविवारी सुट्टी असते, तेव्हा आईला करू द्या. तुम्हाला राहवलं नाही तर ओल्या पोत्याचं तिला सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. आकडा विचारू नका. शिबिर संपलं की मिरज जंक्शनला तिला उतरवून घ्यायला तुम्ही स्वतः जा, गड्याला पाठवू नका. जाताना डब्यात भाकरी असू द्या.