बेनिडॉर्मची आषाढी आणि तेनेरिफची केळी

प्रश्न : आमचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने जुलैत आम्हा दोघांसाठी आणि माझ्या सासूबाईंसाठी स्पेनमधल्या बेनिडॉर्मला समुद्रकाठच्या हॉटेलात आठवडाभराचं बुकिंग केलंय, 'हाफ बोर्ड' म्हणून. सासूबाई माळकरी आहेत, अंडंही चालत नाही. आषाढी एकादशी नेमकी त्याच आठवड्यात येते. त्या म्हणतात, तुम्ही जा, मी घरीच राहते. काय करावं?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : ताई, सासूबाईंना मागे ठेवू नका. बेनिडॉर्म हे पोरांनी रात्रभर धिंगाणा घालायचं गाव म्हणून बदनाम आहे आणि ते खोटंही नाही. पण तेच गाव म्हाताऱ्या माणसांचंही आहे. स्पेनचं सरकार १९८५ पासून निवृत्त लोकांना सवलतीत समुद्रकाठी सहलीला पाठवतं, आणि थंडीच्या दिवसांत इथली कितीतरी हॉटेलं त्यांच्याच जिवावर चालू राहतात. त्यामुळे मोठ्या हॉटेलांत लिफ्ट, उतार, बसायला बाकं याची चणचण नसते. समुद्रालगतचा फिरायचा रस्ता सपाट आहे. मे महिन्यातलं भुसावळ सोसलेल्या अंगाला जुलैतलं तिथलं तिशीचं ऊन काही जड जाणार नाही.

अडचण जेवणाची आहे, आणि ती त्या 'हाफ बोर्ड'मध्येच दडलेली आहे. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यात धरलेलं, दुपारचं तुमचं तुम्ही बघायचं, असा तो प्रकार. रात्रीच्या जेवणातलं पिण्याचं पाणीसुद्धा बऱ्याच हॉटेलांत वेगळं लावतात. बाटली टेबलावर आली की खोलीच्या नावावर चढली. नाश्त्याबद्दल तक्रार नाही. पाव, लोणी, दूध, दही, टरबूज, पीच, सगळं असतं. रात्रीचा बुफे मात्र लांबच लांब मांडलेला दिसतो आणि आपल्या ताटात येतात त्यातले तीन-चार पदार्थ. तेही पारखून घ्यावे लागतात. बटाट्याचा जाड गोल 'तोर्तिया' अंड्यात बांधलेला असतो. मिश्र सॅलडवर टूना मासा पसरलेला असतो. पाएयात नुसत्या भाज्या दिसल्या तरी भात कशाच्या पाण्यात शिजला ते विचारावं लागतं. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर वाढपी डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, म्हणजे हामोनचे, बारीक तुकडे घातलेले मटार खुशाल पुढे करतो. एवढंसं हामोन काय मोजायचं, असं त्याला मनापासून वाटतं!

म्हणून आमच्या सहलींत शाकाहारी कुटुंबांना मी रात्रीच्या जेवणासकट खोली काढून देत नाही. 'ऑल इन्क्लुसिव्ह' तर नाहीच नाही. त्यात दिवसभराच्या बिअरचे पैसे धरलेले असतात, ते तुमच्या सासूबाईंनी का भरायचे? मुलाला आजच फोन करा. बुकिंग फुकट रद्द होण्याची तारीख उलटली नसेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्यायला सांगा. बेनिडॉर्मला अशी पुष्कळ आहेत, खाली पोहण्याचा तलाव, वर दोन खोल्या, कोपऱ्यात शेगडी आणि फ्रीज. शेगडी बहुधा काचेची किंवा इंडक्शनची असते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची कढई तापत नाही, घरचा लोखंडी तवा सपाट बुडाचा असेल तर चालतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. छताला धुराची घंटा असते आणि ती ठसका लागला की ओरडते.

तारीख उलटली असेल तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. हॉटेलला आधीच ई-मेल करायला लावा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या दारातल्या माणसाला हे वाक्य दाखवा : "सोमोस वेहेतारियानोस. नो कोमेमोस नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी वेवोस." मांस, मासे, हामोन, अंडी, चारही नावं घेतल्याशिवाय काम होत नाही. काही हॉटेलं रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारचं देतात, तेही विचारून घ्या.

आमच्या एका सहलीत पारोळ्याच्या एक आजी होत्या. बुफेची पूर्ण रांग बघून आल्या, रिकामी ताटली हातात, आणि मला म्हणाल्या, "आठे खावाले काय शे?" मी त्यांना पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याकडे नेलं. त्याने एका चपट्या ताटाकडे बोट दाखवलं. वांगी आणि लाल ढोबळ्या मिरच्या सालासकट भाजायच्या, साल ओरबाडून काढायची, लांब फाका करायच्या, वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ. एस्कालिवादा म्हणतात, आणि थंडच खातात. सालीचे काळे ठिपके अजून गराला चिकटलेले होते. आजींनी वास घेतला, पर्समधून हिरव्या मिरचीच्या ठेच्याची डबी काढली, चमच्याने सगळं मोडलं, कालवलं. "हाई ते भरीतच शे!" पुढे आठवडाभर तो आचारी त्यांना बघितलं की आधी वांग्याचं ताट पुढे सरकवायचा. एक सावधगिरी : त्या भागात असाच दिसणारा, भाजलेल्या लाल मिरचीचा एक पदार्थ खारवलेला कॉड मासा घालून करतात. वांगी दिसत नसतील तर विचारून घ्या.

आता आषाढी. साबुदाणा, भगर, राजगिरा घरून न्या, तिथे शोधत बसू नका. बटाटे, शेंगदाणे, दूध, दही, फळं कुठल्याही दुकानात मिळतात. खजूर तर त्याच प्रांतातला मिळेल. तुम्ही ज्या आलिकांतेच्या विमानतळावर उतराल त्याच्या शेजारी एल्चे नावाचं गाव आहे. तिथली खजुरीची बनं अरबांच्या काळातली आहेत, २००० साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतली. सासूबाईंना एक दिवस तिकडे नेऊन आणा, समुद्रापेक्षा त्यांना तेच आवडेल असं मला वाटतं. रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा हरिपाठाची वेळ घड्याळावर ठरवायची, दिवेलागणीवर नाही.

बॅगेबद्दल नीट ऐका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर काढून ठेवा. ताजी फळं-भाज्याही चालत नाहीत, सूट फक्त पाचांना : केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. म्हणजे आपल्या जळगावची केळी बॅगेतून नेलेली चालतात आणि मुलासाठी केलेले पेढे चालत नाहीत. कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, शेव, कोरडा मसाला खुशाल न्या.

खोलीचं एकच सांगते. बेनिडॉर्म हे पूर्वी कोळ्यांचं गाव होतं. १९५६ च्या नगररचनेनंतर तिथे उंच इमारतींचं रान उगवलं. ग्रान होटेल बाली हे हॉटेल तर १८६ मीटर उंच आहे. त्या गर्दीत 'साइड सी व्ह्यू' म्हणजे बाल्कनीतून मान वाकडी करून दिसणारा समुद्र. त्याला जादा पैसे देऊ नका. गावाला दोन किनारे : लेवांते बाजूला रात्री गोंगाट, पोनिएंते बाजू निवांत. सासूबाई सोबत आहेत, पोनिएंतेच घ्या.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळी आहे. पोरगा म्हणतो, डिसेंबरात आई-बाप मिळून स्पेनच्या समुद्रकाठी जाऊन या. हॉटेलात लोळण्यात मला रस नाही, तिथली केळी बघायला मिळाली तर जातो. दुसरं, पगाराची स्लिप नाही. व्हिसाला काय दाखवू?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, मग तुम्ही मुख्य स्पेनमध्ये जाऊच नका. डिसेंबरात तिथला समुद्र गार आणि अर्धीअधिक हॉटेलं सुनसान. तुम्ही कॅनरी बेटांवर जा, तेनेरिफला. बेटं स्पेनची, पण आहेत आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत. माद्रिदहून विमानाने तीनेक तास. हिवाळ्यात दिवसा विशीच्या आसपास तापमान.

सहल कंपनी तुम्हाला बेटाच्या दक्षिणेला टाकेल, कारण तिथे ऊन हमखास. मधोमध तेइदे नावाचा ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी उभा आहे. ईशान्येकडून येणारे ओले वारे त्याच्या उत्तर अंगाला अडतात. म्हणून उत्तर हिरवी, ढगाळ; दक्षिण कोरडी ठाक. तुम्ही हटून उत्तरेचं पुएर्तो दे ला क्रूस मागा. वर ओरोताव्हाचं खोरं आहे आणि त्यात केळी. उत्तरेचा समुद्र लाटांचा आहे, पोहायला धोक्याचा, पण गावात सेसार मानरिके या कलावंताने रचलेले खाऱ्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. वहिनींची सोय तिथे होईल, तुम्ही मळ्यात जा.

तिथे तुम्हाला ओळखीचं झाड भेटेल. त्यांची बुटकी केळी म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिश, आपली जुनी बसराई. आणि आता लावतात ते आपलंच ग्रँड नैन. फळ आपल्यापेक्षा लहान, सालीवर काळे ठिपके. तिथलं गिऱ्हाईक ठिपके बघून घेतं. वाऱ्याशी त्यांचंही भांडण आहे. आपण शेवरी किंवा गजराज गवताची आडोशाला रांग लावतो, ते वाफ्यांभोवती दगडाच्या नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभारतात, कुठे अख्ख्या मळ्यावर जाळी. पाण्याचं तर तुम्ही मुद्दाम बघा. डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणून आतलं पाणी बाहेर काढतात. बेटावर असे हजाराहून अधिक बोगदे आहेत. त्यांचीही धार आटत चाललीय. रावेर-यावलच्या बोअरवाल्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो शेंगेन व्हिसाच लागतो, बेटांना वेगळा नाही. फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं. त्या दिवशी कापणी ठेवू नका.

स्लिप नसली तर सातबारा, आठ-अ, केळीच्या पट्ट्या (व्यापाऱ्याने दिलेले विक्रीचे हिशेब) आणि बँकेचा उतारा, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडून. शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरलेला असेल तर फार बरं. खरी मेख पट्टीत आहे. व्यापाऱ्याने अर्धे पैसे रोख दिलेले असतात, पट्टीवर एक आकडा आणि खात्यात दुसरा. अर्ज तपासणाऱ्याला हे दोन कागद जुळवूनच बघायचे असतात. म्हणून या हंगामाचे पैसे तरी खात्यात घ्या. आणि अर्जाच्या आधी आठवड्यात शालकाकडून पाच लाख आणून भरायचे, हा उद्योग करू नका. एकदम आलेली रक्कम उताऱ्यात लांबूनच दिसते.

प्रश्न : सासरच्या मंडळींबरोबर स्पेनला जाणार आहे. हॉटेलच्या तलावात पंजाबी ड्रेस घालून उतरता येईल का? आणि किनाऱ्यावर बायका तोकड्या कपड्यांत असतात म्हणतात. सासरे बरोबर असताना कसं करायचं?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : सुती कपड्यांना तलावात बंदीच असते, धागे गाळणीत अडकतात. पोहण्याच्या कापडाचा अंगभर सूट घ्या, इथे ऑनलाइन मिळतो. बऱ्याच हॉटेलांत तो चालतो, तरी नियम आधी विचारून ठेवा. तोकड्याचं म्हणाल तर तिथे काही बायका वरचं काहीच न घालता ऊन खात पडलेल्या असतात. कायद्याने गुन्हा नाही, आणि कुणी वळून बघत नाही. स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको याच्या कडक राजवटीत बिकिनीवरून मोठा गहजब झाला होता, तेव्हा बेनिडॉर्मच्या महापौरांनी, पेद्रो सारागोसा त्यांचं नाव, ती घालायला मोकळीक दिली आणि त्या पायी ते व्हेस्पा स्कूटरवर बसून माद्रिदला फ्रँकोला भेटायला गेले, असं सांगतात. तुमच्या सासऱ्यांना एवढं लांब जायचं नाही. सकाळी नऊच्या आत किनाऱ्यावर चालून या, तेव्हा फिरणारे म्हातारेच जास्त असतात.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे कोकणासारखी ओहोटीची ओढ लागत नाही. तरी झेंडा बघा : हिरवा असेल तर उतरा, पिवळा असेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नका, लाल असेल तर अजिबात नाही. जेलीफिशचा वेगळा झेंडा असतो. पोहण्याचे कपडे घालून गावातल्या रस्त्यावर हिंडू नका, काही गावांत दंड होतो. आणि तलावाच्या टॉवेलसाठी अनामत घेतात, त्याची पावती हॉटेल सोडेपर्यंत जपून ठेवा.